नखाएवढे बेडूक म्हणजे पिल्लंच का?

ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलातल्या वाटेवर जुलैत नखाएवढे काळपट बेडूक शेकड्यांनी उड्या मारत होते आणि त्यांतच पाठीवर नक्षी असलेला एक तपकिरी होता, ही सगळी एकाच बेडकाची पिल्लं का, असं तुम्ही विचारलंय. तुमच्या वर्णनावरून तरी नाही. शेकड्यांनी होती ती भेकाची, म्हणजे टोडची पिल्लं. नक्षीवाला बहुतेक पूर्ण वाढलेला, वेगळ्याच जातीचा बेडूक.

भेकाची अंडी पाण्यात माळेसारखी लांबलचक दोऱ्यांत असतात. त्यातून निघालेले काळे बेडूकमासे घोळक्याने राहतात आणि पाय फुटले की जवळजवळ एकाच वेळी डबक्याबाहेर पडतात, म्हणून एखाद्या दिवशी पाय टाकायला जागा उरत नाही. डोळ्यांमागच्या फुगीर ग्रंथी आणि अंगावरचे चामखिळीसारखे फोड ही भेकाची खूण पुस्तकांत दिलेली असते, पण इतक्या लहान पिल्लांत ती दिसतच नाही. इथेच बहुतेकांची गल्लत होते. त्यांची चाल बघा. लांब झेप नसते, दोन-चार तोकड्या उड्या, मग सरळ चालणं.

नक्षीवाल्याचं मला फार कौतुक आहे. तो मायक्रोहायला या चिमुकल्या बेडकांच्या गटातला असावा. त्याला ओळखायला मी एका पावसात शिकले. खारघरला टेकडीच्या पायथ्याशी संध्याकाळी रिमझिम चालू होती आणि कंगव्याच्या दातांवरून नख ओढावं तसा आवाज येत होता, इतका मोठा की मूठभर आकाराचा बेडूक असणार असंच वाटलं. अर्धा तास टॉर्च घेऊन डबक्याचा काठ धुंडाळला. जवळ गेलं की गप्प, थांबलं की पुन्हा सुरू. शेवटी म्हशीच्या खुराच्या खळग्यात साठलेल्या पाण्याच्या कडेला तो सापडला. रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडाच मोठा, आणि गळा फुगून डोक्याएवढा झालेला. त्या दिवसापासून माझा नियम आहे, ओरडणारा बेडूक कितीही लहान असो, तो पिल्लू नाही. ओरडतो तो वयात आलेला नर.

त्याचं अंग त्रिकोणी, मागे रुंद आणि तोंडाकडे निमुळतं. तोंड अगदी चिमुकलं, कारण खाणं मुंग्या आणि वाळवीचं. कातडी गुळगुळीत, कानाचा पडदा बाहेरून दिसत नाही. पाठीवर गडद डाग, डोळ्यांच्या मधून सुरू होऊन मागे पसरत जाणारा. आणि झेप अशी, की एवढ्याशा जिवाला ती शोभत नाही! फक्त फोटोवरून याची नेमकी जात सांगायच्या फंदात मी पडत नाही, कारण महाराष्ट्रात त्याच्यासारखे दिसणारे एकाहून जास्त आहेत.

तिसरा उमेदवार मिनर्वार्या, म्हणजे भाताच्या खाचरात रात्रभर किर्र करणारा क्रिकेट फ्रॉग. याच्या पाठीवर तुटक तुटक उभ्या वळकट्या असतात, डोळ्यामागे कानाचा गोल पडदा स्पष्ट दिसतो, काहींच्या पाठीवर मधोमध फिकट रेघ असते. आपल्या भागात आढळणाऱ्या एका जातीला सह्याद्रीवरून १९१९ साली स्याहाद्रेन्सिस हे नाव मिळालं. रेघेवर मात्र विसंबू नका. मोठ्या बुलफ्रॉगच्या पिल्लाच्या पाठीवरही ती असते. रंगावर तर मुळीच नको. एकाच डबक्यातले एकाच जातीचे दोन बेडूक मातकट आणि हिरवट निघतात.

फोटो काढाल तेव्हा एक वरून, एक बाजूने डोळा आणि कान येईल असा, आणि जमलं तर बोटांचा. शिवाय तीस सेकंदांचा आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करा. माझ्या मते फोटोपेक्षा आवाजच जास्त कामाचा. हातात घेऊ नका. बेडूक कातडीतूनही श्वास घेतो आणि आपल्या हातावर डासांचं मलम असतं. गवतात हात घालणं तर नकोच, बेडकांमागे साप येतात आणि घोणस आपल्याकडे भरपूर आहेत. येऊरला अंधार पडल्यावर आत राहू नका. वस्तीच्या कडेच्या डबक्यांवर आवाज तितकेच ऐकू येतात.

राहिला झाडावरचा बेडूक. तो लहान नसतो, पण पावसाळ्यात बंगल्यांच्या न्हाणीघरात भिंतीला चिकटलेला दिसतो, बोटांच्या टोकांना गोल चकत्या असतात. टाकीच्या काठावर किंवा पाण्यावर झुकलेल्या पानाला साबणाच्या फेसासारखा पांढरा गोळा दिसला तर झाडूने काढू नका. त्यात त्याची अंडी असतात आणि बेडूकमासे खालच्या पाण्यात पडतात. तेवढे दिवस खालची बादली हलवू नका.