जुगार खेळायचा नसेल, तर लास व्हेगासच्या स्ट्रिपवर जाण्यात काय मजा?

खरं सांगू? जुगार न खेळणाऱ्यालाच तिथे जास्त मजा येते, खिसा शाबूत राहतो ना! स्ट्रिप म्हणजे कॅसिनो-हॉटेलांचा, पावणेसात किलोमीटरच्या आसपासचा रस्ता. गंमत अशी, की त्याचा बराचसा भाग लास व्हेगास शहराच्या हद्दीत येतच नाही, तो पॅराडाइज नावाच्या वस्तीत मोडतो.

संध्याकाळी बेलाजिओ हॉटेलसमोरच्या कठड्याला रेलून उभं राहा. गाणं सुरू झालं की तळ्यातले फवारे तालावर लचकतात, मग एकदम धडाम् आवाज करत आभाळात उसळतात. वारा तुमच्या बाजूचा असेल तर तोंडावर तुषार! १९९८ पासून हे चालू आहे आणि तिकीट शून्य. व्हेनिशियन हॉटेलमध्ये छतावर आकाश रंगवलंय, खाली कालव्यात नावाडी गात नाव वल्हवतो. खोटं आहे हे दिसतं, तरी आपण वर बघत राहतो. २०२३ साली उघडलेल्या स्फिअर या सभागृहाचा दिव्यांनी झगमगणारा गोळा तर बाहेरून बघितला तरी पुरे.

दोन सूचना: समोर दिसणारं हॉटेल चालायला लागलं की जवळ येतच नाही, तेव्हा चपला चांगल्या घाला. आणि खोली स्वस्त दिसली तरी तिच्यात रिसॉर्ट फी, म्हणजे हॉटेल सोयींसाठी सक्तीने घेतं ती रक्कम, धरली आहे का ते आधी बघा. जुलैत जाऊ नका, भाजून निघाल.