हंगामाच्या मध्यावर अपडेटने गाडीचे फिजिक्स बदलले, तर मागे पडलेल्या सहकाऱ्याचा चालवण्याचा वेळ कमी करणे योग्य आहे का?

संगणकावरील मोटार शर्यतींच्या खेळाविषयी आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत. हंगाम चालू असताना अपडेटने गाडीचे फिजिक्स, म्हणजे खेळातले तिचे वागणे, बदलले तर आयोजकांनी संघांना गाडी बदलू द्यावी का, आणि नव्या फिजिक्सशी न जुळलेल्या चालकाला संघाने गाडी चालवायला कमी वेळ द्यावा का. पहिल्याचे उत्तर सोपे आहे. गाडी बदलू द्यावी, पण एकदाच, आणि अपडेटनंतर किमान दोन आठवडे गुणांची शर्यत ठेवू नये. आयरेसिंग या ऑनलाइन शर्यतींच्या खेळात १२ आठवड्यांचा हंगाम संपल्यावर तेरावा आठवडा मोकळा ठेवून नवी आवृत्ती आणतात, हे मला योग्य वाटते. दुसऱ्या प्रश्नावर मात्र मला सविस्तर लिहावे लागेल, कारण तो चालक मी होतो.

२०२३ मध्ये आम्ही तिघे असेटो कोर्सा कॉम्पेटिझिओने या खेळावरील एका जीटी३ (स्पोर्ट्स कारवर आधारित शर्यतीच्या गाड्यांचा वर्ग) लीगमध्ये संघ म्हणून उतरलो होतो. शेवटची शर्यत बेल्जियममधल्या स्पा-फ्रँकोरशाँ ट्रॅकवर सहा तासांची होती आणि प्रत्येकाने दोन तास चालवायचे, हे आम्ही पहिल्याच दिवशी ठरवले होते. एप्रिलमध्ये खेळाची १.९ ही आवृत्ती आली आणि तिच्यासोबत टायरचे वागणे बदलले. कोरड्या ट्रॅकवर गरम टायरचा दाब साडेसत्तावीस पीएसआयच्या आसपास ठेवण्याची आमची सवय मोडून २६ ते २७ च्या दरम्यान यावे लागले. ऐकायला हा एका पीएसआयचा फरक आहे, पण त्यामागोमाग कॅम्बर (चाकांचा कल), गाडीची उंची, अँटीरोल बार (वळणावर गाडीचे कलणे रोखणारा दांडा) आणि विंग (हवेच्या दाबाने गाडी ट्रॅकवर दाबून धरणारा पंख) हा सगळा सेटअप पुन्हा जुळवावा लागतो. सर्व्हर आणि खेळाडू एकाच आवृत्तीवर असावे लागत असल्याने जुन्या आवृत्तीवर थांबण्याची सोय नव्हती. त्याच सुमारास पोर्शे ९९२ आणि फेरारी २९६ या गाड्या सशुल्क पॅकमधून आल्या, आणि आमच्या कर्णधाराने आयोजकांच्या परवानगीने ९९१ ही जुनी पोर्शे सोडून ९९२ घेतली.

मी महाविद्यालयात शिकवतो. एप्रिल-मे हे पेपर तपासण्याचे दिवस असल्याने मला रात्री जेमतेम एक तास मिळत असे. कर्णधार रोज तीन-चार तास बसत असे. त्यामुळे नवा सेटअप त्यानेच तयार केला आणि साहजिकच तो त्याच्या हाताला बसणारा झाला. त्याला गाडीची मागची बाजू सैल, म्हणजे वळणावर सहज घसरणारी, आवडते. स्पावरील पूऑंच्या लांब डाव्या वळणावर तो तशी गाडी सहज सांभाळत असे, तर मला तिथे थ्रॉटल (अ‍ॅक्सिलरेटर) सोडावा लागत असे. फेरीमागे मी त्याच्यापेक्षा १.२ सेकंदांनी संथ होतो. मागचा विंग दोन टप्प्यांनी वाढवून पाहू, असे मी सुचवले. तेव्हा, संथ चालकासाठी वेगवान चालकांची गाडी बिघडवायची का, असे विचारून त्याने विषय संपवला आणि माझे दोन तास कमी करून एक तास केला.

इथे एक गोष्ट महत्त्वाची आहे. या खेळात पिट स्टॉपला टायरचा दाब बदलता येतो, ब्रेक पॅड बदलता येतात, पण विंग बदलता येत नाही. म्हणजे तिघांनी एकच सेटअप सहा तास चालवायचा असतो. तो कोणाच्या हाताने घडवायचा, हा निर्णय संघाचा असायला हवा. ज्याला रिकामा वेळ अधिक आहे, त्याचा नव्हे. अपडेट सर्वांना सारखेच लागू होते, म्हणून ते अन्यायकारक आहे असे मी कधीच मानले नाही. अन्याय झाला तो त्यानंतरच्या तीन आठवड्यांत.

कर्णधाराचा हिशेब असा होता. तासाला साधारण २६ फेऱ्या होतात, म्हणून मी दोन तास चालवले तर ६२ सेकंद जातील. शर्यतीनंतर तिसऱ्या सहकाऱ्याने आणि मी वाढवलेल्या विंगवर चाचणी केली. त्याचे फेरीमागे ०.२ सेकंद गेले आणि कर्णधाराच्या जुन्या सेटअपवरील वेळेपासून माझा फरक ०.५ वर आला. हा हिशेब शर्यतीला लावला, तर दोघा वेगवान चालकांच्या १०४ फेऱ्यांत २१ सेकंद आणि माझ्या ५२ फेऱ्यांत २६, असे एकूण ४७ सेकंद होतात. मला एकच तास देऊनही ३१ सेकंद गेलेच होते. म्हणजे तिघांना समान वेळ देण्याची किंमत सहा तासांत १६ सेकंद होती, ६२ नव्हे. प्रत्यक्षात माझ्या वाट्याचा तास धरून स्वतःचा तिसरा तास चालवणाऱ्या आमच्या कर्णधाराला शेवटच्या टप्प्यात ट्रॅकची हद्द ओलांडल्याबद्दल ड्राइव्ह-थ्रूची (न थांबता पिट लेनमधून संथ जाण्याची) शिक्षा झाली आणि आम्ही चौथे आलो. मी चालवत असतो तर तिसरे आलो असतो, असा माझा दावा नाही. पण ते १६ सेकंद वाचवण्यासाठी दिलेला शब्द मोडण्याची गरज नव्हती, हे मला आजही तितकेच ठामपणे वाटते.

आयोजकांनाही यात करण्यासारखे आहे. या खेळाच्या सर्व्हरवर एका चालकाच्या एकूण वेळेला कमाल मर्यादा घालता येते, किमान मर्यादा घालता येत नाही. तीन चालकांच्या सहा तासांच्या शर्यतीत कमाल मर्यादा १४० मिनिटे ठेवली, तर कोणालाही ८० मिनिटांपेक्षा कमी वेळ देता येणार नाही. आयरेसिंगच्या सांघिक शर्यतींत समान वाट्याच्या किमान एक चतुर्थांश फेऱ्या प्रत्येकाने पूर्ण कराव्या लागतात. तो नियम फारच सैल आहे, कारण त्यानुसार माझा एक तासही वैध ठरला असता. नव्या गाड्यांवर लगेच बॅलास्ट (वेग कमी करणारे जादा वजन) लादणे मात्र चूक आहे. पहिल्या आठवड्यातला वेग गाडीचा आहे की सरावाचा, हे तोवर कोणालाच कळलेले नसते.

हे सर्व मी छंद म्हणून चालणाऱ्या संघांविषयी लिहितो आहे. बक्षिसाच्या शर्यतीत निकालानुसार वेळ वाटायचा असे आधीच ठरले असेल, तर तक्रारीला जागा नाही. हाताशी वेळ असूनही सराव न करणाऱ्याचीही बाजू मी घेणार नाही. आपला सहकारी तसा नसेल, तर त्याचा वेळ कापण्यापूर्वी एक संध्याकाळ ठरवा. इंधन आणि टायर सारखे ठेवून तिघांनी दोन्ही सेटअपवर प्रत्येकी दहा फेऱ्या माराव्यात, सर्वोत्तम फेरी न पाहता सरासरी लिहून काढावी, आणि सेटअपची निवड त्या सहकाऱ्यासमोरच करावी.