गल्लीत मिल्ट्री उतरवा म्हणणाऱ्या पोरास

प्रिय पोरा,

तुझा मेसेज वाचला. एमडीचा (मेफेड्रोन या ड्रगचा) धंदा पोलिसांच्यानं बंद होत नाय, सरळ मिल्ट्री उतरवा, आठ दिवसांत सगळे सुतासारखे सरळ येतील, आणि म्हणून तुला केमिस्ट्रीची बीएस्सी अर्धवट टाकून भरतीच्या मागं लागायचंय. राग बरोबर आहे बाळा, पत्ता चुकलाय.

मी नेव्हीत होतो म्हणून सांगतो, या धंद्याविरुद्ध फौजेला काम आहे आणि ते लय मोठं आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये गुजरातच्या समुद्रात नेव्हीनं एक बोट धरली, जवळपास 3300 किलो माल, बहुतेक चरस. आधी नेव्हीच्या पी-8आय टेहळणी विमानानं बोट हेरली, मग जहाज तिकडं वळवलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात अंदमानजवळ कोस्ट गार्डनं म्यानमारच्या मासेमारी बोटीतून साडेपाच हजार किलोच्या आसपास मेथ (मेथॅम्फेटामाइन हे ड्रग) पकडलं. एवढा माल पुड्यापुड्यांनी गल्लीत पकडायचा म्हटलं तर पोलिसांच्या पिढ्या जातील. विमान, रडार, जहाज हे फौजेकडंच असतंय, मिझोरामच्या बॉर्डरवर आसाम रायफल्सचंही तसंच, तिथं दुसरं कोण जाणार.

पण ते काम तुला रीलमध्ये दिसतं तसलं नसतंय. रबरी बोटीतनं दोरीच्या शिडीवर लटकत वर चढायचं, वर डिझेल आणि सडक्या मासळीचा वास, खलाशी गप्प बसलेले, आणि माल समोर कधीच नसतो. जाळी उचलायची, बर्फ उपसायचा, फळ्या ठोकून बघायच्या, जुनाट बोटीत एकाच कोपऱ्यात नवा रंग का लागलाय, चारच खिळे का चमकतायत, असलं बघत तासन्‌तास जातात. आणि सापडला तरी आपण काय करायचं? बोट बंदरात आणून एनसीबीच्या, म्हणजे केंद्राच्या ड्रग्जविरोधी खात्याच्या, नाहीतर पोलिसांच्या ताब्यात द्यायची. पुढं सील, वजन, मॅजिस्ट्रेटसमोर सॅम्पल, कोर्ट, सगळं त्यांचं. तिथं एक कागद ढिला राहिला की आरोपीचा वकील तोच धरून बसतो.

आता आपल्या सोलापूरचं बघ. इथं ना समुद्र ना बॉर्डर. 2016 मध्ये ठाणे पोलिसांनी चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कंपनीतनं टनांच्या हिशोबात इफेड्रिन, म्हणजे मेथ बनवायचा कच्चा माल, पकडलं, 2023 मध्ये मुंबई पोलिसांनी मोहोळच्या एमआयडीसीतला एमडीचा कारखाना उघडा पाडला. तिथं जवान उभा करून काय होणार बे? इफेड्रिन औषधातही वापरतात, ड्रमवर लेबल असतं, रजिस्टर असतं. कुणी कुठलं केमिकल किती मागवलं, औषध किती बनवलं, मधलं गेलं कुठं, हा हिशोब लावणारा माणूस लागतो, रायफलवाला नाय.

मेक्सिकोनं 2006 च्या डिसेंबरात तू म्हणतोस तेच केलं, मिल्ट्री रस्त्यावर उतरवली. टोळ्या फुटल्या, एकीच्या चार झाल्या आणि पुढच्या काही वर्षांत खून कितीतरी वाढले. आणि त्याच्या आधीच तिथल्या लष्कराच्या स्पेशल फोर्समधनं पळालेल्या जवानांनी झेटास नावाची टोळी उभी केली होती, ट्रेनिंग सरकारी आणि पगार स्मगलरचा. पैसा एवढा असतो या धंद्यात की वर्दी रोज त्याच्याजवळ ठेवणं धोक्याचंच. सोलापूरला तर हे वेगळं सांगायला नको, 12 मे 1930 ला इथं मार्शल लॉ लागला होता, त्यानंतर फाशी दिलेल्या चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांवरनं तू रोज जातोस. ते इंग्रजांचं लष्कर होतं, मान्य, आपली फौज तशी नाय, पण शहरात एकदा बंदूक उतरली की ती कुणाकडं वळेल हे गल्लीतली माणसं ठरवत नसतात.

तर बीएस्सी सोडू नकोस. फॉरेन्सिक लॅबला केमिस्ट्रीची पोरं लागतात, पीएसआयला डिग्री लागते, आणि एमआयडीसीत धाड घालणाऱ्या पार्टीत ड्रमचा वास ओळखणारा एखादा असला तर निम्मं काम तिथंच झालं. वर्दीच हवी असेल तर कोस्ट गार्डचा नाविक हो, बारावीला मॅथ्स-फिजिक्स होतं ना तुझं? फक्त वयाची अट कडक असते, जाहिरात नीट वाच, क्लासवाल्याच्या व्हॉट्सॲपवर विसंबू नको.

रविवारी सकाळी पार्क स्टेडियमवर ये. मार्कशीटा घेऊन ये, पळायचे बूट नसले तरी चालेल. आणि घरी अजून काही सांगितलं नसशील तर आधी आईशी बोल, मला तिचा फोन यायला नको.

तुझा काका