वाचकांच्या शंका : बंद घरातील बॅटरी

गेल्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी बरीचशी पत्रे यूपीएस (वीज गेल्यावर संगणक काही मिनिटे चालू ठेवणारे उपकरण) आणि इमर्जन्सी दिवा यांतील बंदिस्त बॅटरीविषयी आहेत. शिसे आणि आम्ल यांवर चालणाऱ्या, पाणी न घालाव्या लागणाऱ्या या बॅटरीला दुकानात एसएमएफ म्हणतात. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळल्यानंतर कित्येक गावांनी अनेक दिवस अंधारात काढले, तेव्हापासून ही लहानशी पेटी आपल्याकडे चैनीची वस्तू राहिलेली नाही. पाऊस तोंडावर आला असल्यामुळे चार पत्रांची उत्तरे एकत्र देत आहे. इन्व्हर्टरच्या, डिस्टिल्ड वॉटर लागणाऱ्या मोठ्या ट्युब्युलर बॅटरीचे नियम वेगळे असल्याने तिचा विचार येथे केलेला नाही.

प्रश्न : आम्ही मुंबईस असतो. गुहागरजवळचे आमचे घर गणपतीत आणि मे महिन्यात उघडते. तेथील यूपीएसची १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची (बॅटरीत किती वीज साठते त्याचे हे माप) बॅटरी जवळजवळ दर वर्षी बदलावी लागते. दुकानदार म्हणतात, हल्ली मालच हलका येतो. हे खरे आहे का? (एक वाचक, बोरिवली)

उत्तर : मालात डावे-उजवे असते, परंतु आपल्या बाबतीत दोष मालाचा नसून कुलपाचा असावा असे माझे मत आहे. घर बंद करताना आपण मेन स्विच पाडत असाल, आणि तसे करणे योग्यच आहे. मात्र त्या क्षणी यूपीएसला वीज गेली असे वाटते, तो काही वेळ बॅटरीवर चालतो, शिट्ट्या मारतो आणि बॅटरी उतरल्यावर गप्प होतो. आपण कुलूप लावून एसटीत बसता, आणि बॅटरी पुढचे तीन-चार महिने रिकाम्या अवस्थेत पडून राहते. शिशाच्या बॅटरीला याहून मोठा अपाय दुसरा नाही.

त्याचे कारण असे. बॅटरी वापरली जाते तेव्हा तिच्या दोन्ही प्रकारच्या पट्ट्यांवर लेड सल्फेटचा थर बसतो, आणि ती चार्ज होताना तो पुन्हा विरघळतो. थर ताजा असताना त्याचे कण बारीक असतात आणि सहज परततात. परंतु बॅटरी आठवडेच्या आठवडे उतरलेली राहिली, तर तेच कण मोठे आणि कठीण होत जातात, आणि मग कितीही वेळ चार्ज केले तरी पट्टीचा तेवढा भाग कामातून जातो. गणपतीत आपण बटण दाबता तेव्हा दिवा हिरवा लागतो, पण वीज गेल्यावर संगणक दोन मिनिटांत बंद पडतो, तो याचमुळे.

यूपीएस बंद दिसत असला तरी काही यूपीएसमधील सर्किट बॅटरीतून थोडा प्रवाह खात राहते. हा प्रवाह अवघा १० मिलिअँपिअर धरला तरी तीस दिवसांत ७.२ अँपिअर-अवर होतात, म्हणजे पूर्ण भरलेली बॅटरीसुद्धा एका महिन्यात रिकामी. कशालाही न जोडलेली बॅटरी मात्र २५ अंश तापमानाला महिन्याला साधारण तीन टक्केच उतरते. जोडलेली आणि सुटी यांतील हा फरक आपण ध्यानात घ्यावा, कारण सगळा उपाय त्यातच आहे.

निघण्याच्या आदल्या दिवशी यूपीएस पूर्ण चोवीस तास चालू ठेवून बॅटरी भरून घ्यावी. नंतर भिंतीतील पिन काढावी, यूपीएस बंद करावा, झाकण उघडावे आणि बॅटरीच्या एका टर्मिनलवरील वायरचा शू, म्हणजे वायरच्या टोकाची पितळी खोबण, ओढून काढून त्यावर चिकटपट्टी गुंडाळावी. शू ओढताना वायर धरून हिसका देऊ नये, पितळी टोकच पकडून हळूहळू डावीकडे-उजवीकडे हलवावे. बॅटरी माळ्यावर पत्र्याखाली न ठेवता माजघरात, जमिनीलगत ठेवावी, कारण उन्हाने तापलेल्या जागी ती दुप्पट-तिप्पट वेगाने उतरते. शेजारी विश्वासाचे कुणी असेल, तर दर तीन महिन्यांनी एक दिवस ती चार्ज करून ठेवण्यास त्यांना सांगावे. मी स्वतः दापोलीजवळच्या आमच्या घरी हा क्रम सुरू केल्यानंतर चौथ्या वर्षीही तीच बॅटरी वापरत आहे. त्याआधी तीन वर्षांत दोन फेकाव्या लागल्या होत्या.

दुकानदारांच्या म्हणण्यात एक अंश खरा आहे, तोही सांगतो. दुकानाच्या फळीवर वर्षभर पडून राहिलेली बॅटरीही अशीच खराब होते. म्हणून घेताना तिच्यावरील उत्पादनाचा महिना पाहावा आणि समोर मल्टिमीटर (व्होल्ट मोजणारा मीटर) लावण्याचा आग्रह धरावा. १२.७ व्होल्ट किंवा अधिक दिसल्यास ती घ्यावी. १२.४ च्या खाली असेल तर दुसरी मागावी, आणि “चार्ज केल्यावर होईल बरोबर” या आश्वासनावर विसंबू नये.

प्रश्न : आमच्या यूपीएसमध्ये दोन बॅटऱ्या आहेत. चार्ज करून एक रात्र ठेवल्यावर एक १२.९ व्होल्ट दाखवते आणि दुसरी १०.६. फक्त खराब झालेली बदलली तर चालेल का? (एक वाचक, मालवण)

उत्तर : चालणार नाही. प्रत्येक १२ व्होल्टच्या बॅटरीत दोन-दोन व्होल्टचे सहा कप्पे असतात. पूर्ण चार्जनंतरही १०.६ दिसतात याचा अर्थ एक कप्पा आतून शॉर्ट झाला असून पाचच काम करत आहेत. आता हिशेब पाहा. दोन्ही बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या असल्याने चार्जर त्या जोडीला मिळून सुमारे २७.३ व्होल्ट देतो. हे बारा कप्प्यांत वाटले जायचे ते अकरांत वाटले गेले, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला २.२८ ऐवजी जवळजवळ २.४८ व्होल्ट आले. परिणामी आपली ‘चांगली’ बॅटरी कित्येक दिवस, कदाचित महिने, सतत १४.९ व्होल्टवर तापत राहिली आहे. त्यात तिच्यातील पाणी वायू होऊन उडून जाते, आणि बंदिस्त बॅटरीत ते पुन्हा भरता येत नाही. मीटरवरील १२.९ हा आकडा तिची धारणाशक्ती सांगत नाही.

खात्री करून घ्यायची असल्यास ती सुटी करून, पूर्ण भरून, तिला मोटारीचा १२ व्होल्ट २१ वॉटचा बल्ब लावावा. ७ अँपिअर-अवरची धडधाकट बॅटरी तो सुमारे तीन तास पेटता ठेवते. मीटर ११ व्होल्टवर आला की बल्ब काढावा. अर्ध्या-पाऊण तासातच तेथवर आला, तर उत्तर मिळाले असे समजावे. नव्या दोन्ही बॅटऱ्या एकाच कंपनीच्या, एकाच क्षमतेच्या आणि शक्यतो एकाच महिन्यात बनलेल्या घ्याव्यात.

प्रश्न : ७ च्या जागी ९ अँपिअर-अवरची बॅटरी, किंवा लिथियमची बसवावी का? (एक वाचक, देवगड)

उत्तर : ९ ची बहुधा ७ च्याच आकारात मिळते आणि बसते. टर्मिनलची रुंदी तेवढी पाहावी, कारण ७ ला बहुतेक वेळा ४.७५ मिलिमीटरची आणि ९ ला ६.३५ ची पट्टी असते. शू सैल बसला तर तेथे उष्णता होते. याहून पुढे जाऊन मोटारीची बॅटरी बाहेरून जोडण्याचा उद्योग करू नये, कारण लहान यूपीएस काही मिनिटे चालण्यासाठीच बनवलेला असतो आणि तासभर चालवल्यास त्याचा ट्रान्सफॉर्मर तापतो. लिथियमची बॅटरी यूपीएसच्या उत्पादकाने परवानगी दिलेली असेल तरच लावावी.

प्रश्न : आमची बॅटरी फुगून यूपीएसच्या डब्यात अडकली आहे. टर्मिनलवर पांढरी-हिरवी पूड जमली आहे. ती कशी काढावी, आणि जुनी कुठे द्यावी? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : प्रथम भिंतीतील पिन काढावी. अंगठी, घड्याळ, बांगड्या उतरवून ठेवाव्यात, रबरी हातमोजे आणि चष्मा घालावा, आणि वायरींचा फोटो काढावा. एक वायर सुटी करून तिला चिकटपट्टी लावल्याशिवाय दुसरीला हात लावू नये. फुगलेल्या बॅटरीला पेचकस खुपसून उचकटू नये. माझ्या हातून एकदा ही चूक झाली. बाजू चिरली, आतील ओलसर काचतंतूंचे पापुद्रे दिसू लागले आणि विजारीला लागलेल्या आम्लाची जागा दुसऱ्या धुण्यात चाळणीसारखी विरली. तेव्हा डब्याचे स्क्रू काढून बाजूच मोकळी करावी, वेळ लागला तरी चालेल. आम्ल सांडल्यास त्यावर खाण्याचा सोडा टाकावा. डोळ्यात गेल्यास किमान पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याने धुवून लगेच डॉक्टरांकडे जावे.

बॅटरी फुगते ती उष्णतेने आणि जास्त चार्ज झाल्याने, म्हणून नवी जोडल्यावर काम संपले असे मानू नये. जोडताना बारीक ठिणगी उडते, तिला घाबरू नये. प्लस-मायनस मात्र दोनदा तपासावे. एक दिवस चार्ज झाल्यावर टर्मिनलवर १३.५ ते १३.८ व्होल्ट असावेत. तेव्हाही १४.४ च्या वर दिसत असतील तर चार्जरच बिघडला आहे, आणि नवी बॅटरीही त्याच वाटेने जाईल. यूपीएस खिडकीतील उन्हापासून आणि फ्रीजच्या मागील गरम हवेपासून दूर ठेवावा, कारण दर दहा अंशांच्या वाढीने बॅटरीचे आयुष्य साधारण निम्मे होते.

पूड ही आम्लाची वाफ आणि आपल्याकडची खारी, दमट हवा यांमुळे धरते. वायरीचे शू सोड्याच्या पाण्यात भिजवलेल्या जुन्या ब्रशने घासावेत, पूर्ण वाळवावेत, आणि जोडून झाल्यावर वरून पेट्रोलियम जेलीचा पातळ हात द्यावा. शू आतपर्यंत हिरवा झाला असेल, तर तो कापून नवा बसवून घ्यावा.

जुनी बॅटरी फेरीवाल्या भंगारवाल्याला देऊ नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. दोन-अडीच किलोच्या या पेटीत बहुतांश वजन शिशाचे असते. ते उघड्यावर वितळवले की धूर आणि राख आसपासच्या अंगणात बसते, आणि शिसे लहान मुलांच्या मेंदूला कायमची इजा करते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून त्यांचा पुनर्वापर घडवून आणण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. नवी घेताना जुनी त्याच दुकानात परत द्यावी, तिच्या शिशाचे पैसे बिलातून वजा करून मागावेत, आणि नेताना दोन्ही टर्मिनलांवर चिकटपट्टी लावून ती उभीच ठेवावी.