आठ खिशांची खणाची पिशवी शिवताना

तुमच्याकडे आईच्या कपाटातले दोन खण आहेत, साधं घरगुती मशीन आहे आणि ऑफिस, भाजी, एका रात्रीचा प्रवास या सगळ्याला चालणारी आठ खिशांची पिशवी शिवायची आहे. पण कागदावर आखायला गेलं की खिसे एकमेकांवर चढतात. बरोबर ना?

चढणारच, कारण तुम्ही आधी पिशवी आखलीत आणि मग तिच्यात खिसे बसवायला निघालात. उलटं करा. रोज जे नेता ते जेवणाच्या टेबलावर मांडा आणि टेपनं मोजा. माझ्या अनुभवात आठातले तीन खिसे इथेच गळतात. आणि भाजीचं म्हणाल तर ती या पिशवीत घालूच नका. कोथिंबिरीचं पाणी खणावर उतरलं की डाग गेला म्हणून समजू नका. पातळ मांजरपाटाची एक पिशवी शिवून घडी करून याच पिशवीच्या खिशात ठेवा. 2018 साली राज्यात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली तेव्हापासून मी पिशव्या शिवून देतेय. त्यातली लोकांना सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे ही पिशवीतली पिशवी.

आता खिसे. फोन चपटा, त्यामुळे त्याचा हिशोब सोपा. कव्हरसकट रुंदी 3 इंच, जाडी अर्धा, सैलपणा अर्धा, म्हणजे तयार खिसा 4 इंच. दोन्ही कडांना अर्धा इंच मार्जिन धरून कापड 5 इंच. खोली फोनपेक्षा अर्धा इंच जास्तच ठेवा. लोकलमध्ये फोनचं टोक बाहेर डोकावलेलं बरं नाही. हा खिसा आत, अंगाकडच्या बाजूला.

बाटलीला मात्र सगळे फसतात. मीही फसले होते. पहिल्या पिशवीत 3 इंच व्यासाच्या बाटलीला 4½ इंचांचा सपाट खिसा लावला. बाटली काही आत जाईना, जोर लावला तर टीप उसवली. बाटली गोल असते, तिला वळसा घालायला कापड लागतं: मागची 3 इंच भिंत सोडून उरलेली बाजू जवळजवळ 8 इंच भरते. म्हणून मार्जिनसकट 9 इंच कापड घ्यायचं, पण अस्तरावर 3½ इंचांच्या अंतरातच दोन्ही कडा शिवायच्या. तळाला जे 4½ इंच जास्तीचं राहतं त्याची दोन्ही कडांजवळ एकेक प्लेट घालून टीप मारायची. वरचं तोंड आपोआप फुगीर राहतं. जागा म्हणाल तर अस्तराची एक बाजूची शिलाई आधी मारून घ्या, कापड उघडा आणि त्या शिलाईच्या बरोबर मध्यावर हा खिसा लावा. तळ कच्च्या कडेपासून 3 इंच वर असू द्या, नाहीतर कोपरे शिवताना तो सापडतो.

अस्तर फिकट घ्या. काळ्या अस्तराच्या पिशवीत किल्ली शोधण्यात आयुष्य जातं.

खणाबद्दल. पन्हा लहान, वीण नाजूक. नुसत्या खणाची पिशवी वजनानं ताणली जाते. मागे फ्युजिंग, म्हणजे इस्त्रीनं चिकटणारं कापड, चिकटवा (वर सुती फडकं ठेवून, मध्यम इस्त्रीनं) आणि त्याच्या मागे सुती कॅनव्हास. कॅनव्हास आधी धुऊन वाळवून घ्याच. तो नंतर आटला तर वरचा खण सुरकुततो. मला विचाराल तर खण वरच्या भागालाच लावा आणि खालचे 5 इंच जुन्या जीन्सचे करा. पिशवी कुठे कुठे टेकते ते आठवा. बुट्टे एका दिशेचे असतील तर पुढचा-मागचा भाग वेगळा कापा, सलग दुमडलात तर एका बाजूला बुट्टे डोक्यावर उभे राहतील.

माप: तयार पिशवी 14 रुंद, 13 उंच, तळ 4 इंच. त्यासाठी प्रत्येक भाग 19 बाय 16. आधी फक्त तळाची शिलाई मारा. मग बाहेरचा खिसा मध्यावर ठेवून त्याच्या दोन्ही कच्च्या कडा दीड इंची नवारीखाली (जाड विणलेल्या पट्टीखाली) दाबा. नवार पुढून खाली, तळाखालून मागे वर, अशी सलग रिंगणासारखी फिरते. बंदांसकट 3 मीटर पुरते. सगळं वजन नवार पेलते, खणावर ताण येत नाही. वरच्या कडेच्या दीड इंच खाली थांबून चौकोन आणि आत फुली अशी टीप मारा. मग बाजू शिवा. शेवटी तळाचे कोपरे त्रिकोणात धरून, शिलाईला आडवी 4 इंचांची टीप मारा.

आतला चेनचा खिसा बाजू शिवण्याआधीच, अस्तर सपाट असताना करून घ्या. खिशाचं कापड अस्तरावर सुलटवर सुलट ठेवून अर्धा इंच रुंदीचा लांबट चौकोन शिवा. मधोमध कात्री चालवा, टोकाच्या अर्धा इंच आधी थांबा आणि तिथून दोन्ही कोपऱ्यांकडे तिरक्या चिरा द्या. चीर टिपेच्या एक धागा आधी थांबली पाहिजे. लांब थांबलात तर कोपरा चुणतो, पुढे गेलात तर भोक पडतं. कापड आत उलटवून इस्त्री करा, खाली चेन ठेवून कडेनं टीप. चेन मीटरवर मिळणारी 5 नंबरची घ्या. रनर (चेन उघडझाप करणारा सरकता भाग) ओवता येत नसेल तर जेवणाच्या काट्याच्या दातांत उभा अडकवा आणि चेनची दोन टोकं दोन बाजूंनी सरकवा.

मशीनला 16 नंबरची सुई, नवारीच्या थरांना 18. टाका लांब ठेवा. जाड जोडावर मशीनचा पाय (कापड दाबून धरणारा) मागे कलंडला की सुई मोडते, तेव्हा पायाच्या मागच्या बाजूला पुठ्ठ्याची घडी सरकवून पाय सपाट करा आणि तेवढे चार टाके चाक हातानं फिरवून घाला. मोटर असली तरी.

नवार, चेन पुण्यात घ्यायची तर बोहरी आळीत चक्कर मारा. कापून झालं की अस्तरावर खिसे टाचण्या लावून ठेवा आणि खरी बाटली, खरा फोन घालून बघा. टीप त्यानंतर.