दहा हजार भरण्याआधी कलम २० वाचा

मित्राच्या हळदीला दोन पेग झाले, परत येताना भोसरीजवळ नाकाबंदीत दुचाकी अडवली, मशीनने ४१ दाखवलं. लायसन्स पोलिसांनी ठेवून घेतलं, पावती दिली, दोन कागदांवर सही घेतली. कोर्टाची पहिली तारीख सुट्टी न मिळाल्यामुळे चुकली. आता कोर्टाच्या आवारातला एक जण सांगतोय, 'गुन्हा कबूल करा, दहा हजार भरा, दुपारपर्यंत मोकळे व्हाल.' भरू की केस लढू, असा एका वाचकाचा पत्रातून प्रश्न आहे. नाव-गाव बदललं की हेच पत्र मला नाशिकहून येतं, ठाण्याहून येतं, सोलापूरहूनही येतं.

प्यायल्यावर चावी हातात घ्यायची नसते, यावर मी शब्द खर्च करत नाही. पण तुमच्या पत्रात सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही शेवटी, जाता जाता लिहिलंय: 'मी चाकणच्या एका कंपनीची स्टाफ बस चालवतो.' ते पहिल्या ओळीत यायला हवं होतं. तुमच्या केसमध्ये दहा हजार हा मुद्दाच नाही.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १८५ मध्ये पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दहा हजार दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. २०१९ च्या दुरुस्तीपासून दंडाचा हा आकडा सगळ्यांच्या तोंडी आहे. कलम २० चं पोटकलम २ मात्र कोणी सांगत नाही. कलम १८५ खाली दोषी ठरलेल्या माणसाला कोर्टाने लायसन्ससाठी अपात्र ठरवलंच पाहिजे आणि ही अपात्रता सहा महिन्यांपेक्षा कमी असू शकत नाही, असं त्यात लिहिलंय. इथे 'ठरवू शकेल' अशी मोकळीक कोर्टाला नाही. म्हणजे कबुली दिलीत की दंडासोबत किमान सहा महिने स्टिअरिंग सुटलं. पगार चालवण्याचा असेल तर हीच खरी शिक्षा. तो आवारातला माणूस ही गोष्ट तुम्हाला सांगणार नाही, कारण त्याचं काम त्या दुपारपुरतं आहे.

आता त्याच कलमातली तुमच्या उपयोगाची जागा. पोटकलम १ नुसार अपात्रता सर्व प्रकारच्या वाहनांसाठी किंवा एखाद्या विशिष्ट वर्गाच्या वाहनासाठी देता येते, आणि पोटकलम २ मधली सक्तीची अपात्रताही पोटकलम १ खालीच द्यायची आहे. तुम्ही दुचाकीवर होतात, ड्यूटीवर नव्हतात, बसमध्ये नव्हतात. त्यामुळे दोषी ठरायची वेळ आलीच तर अपात्रता मोटारसायकलच्या वर्गापुरती ठेवावी, अशी मागणी करता येते. ती लेखी करा, शिक्षा सुनावण्याआधी करा, आणि सोबत कागद जोडा: किती वर्षं बस चालवता, आधीचा एकही अपघात किंवा खटला नाही, घर कशावर चालतं, बॅज कधीपासून आहे. लायसन्स नाकाबंदीच्या रात्रीपासून तुमच्याकडे नाही, तो काळ अपात्रतेत धरावा, हीही विनंती त्यातच घाला.

मागणी मान्य होईलच असं मी म्हणत नाही. एखादे मॅजिस्ट्रेट उलटाही विचार करतील: रोज बसभर माणसं नेणारा ड्रायव्हर पिऊन वाहन चालवतो, तर त्याला बस का चालवू द्यावी? हा प्रश्न रास्त आहे आणि त्याला तुमच्याकडे उत्तर असलं पाहिजे. पण मागणीच केली नाही, तर आदेश सगळ्या वर्गांसाठी सरसकट निघण्याची शक्यता मोठी आहे. शिवाय एकदा कबुली दिली की दोषी ठरवल्याविरुद्ध अपिलाचं दार बंद होतं. शिक्षा जास्त झाली किंवा बेकायदा आहे एवढंच वर मांडता येतं. आधी वकील, मग कबुली. ही क्रमवारी लोक उलटी करतात आणि नंतर माझ्याकडे येतात.

मग लढायचं का? इथे मी हातचं राखून बोलणार, कारण कागद पूर्ण पाहिलेले नाहीत.

तुम्ही विचारलंय की रक्त घेतलंच नाही, दोन तासांत डॉक्टरकडे नेलं नाही, म्हणजे केस पडणार ना? मोबाइलवरच्या व्हिडिओंनी हा समज घरोघरी पोचवलाय. कलम २०२ मध्ये दोन तासांची अट आहे हे खरं. पण त्या मुदतीत वैद्यकीय तपासणी झाली नाही तर अटक केलेल्याला सोडून द्यावं, एवढंच ते कलम म्हणतं. खटला रद्द होतो असं त्यात नाही. आणि तुम्ही लिहिता की तुम्हाला अर्ध्या तासात घरी जाऊ दिलं. मग त्या कलमाचा आधार आणखी पातळ होतो. रक्ताचंही तसंच. कलम १८५ मधली मर्यादा, १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, ही श्वासाच्या यंत्रावरून मोजलेली चालते असं कायद्यातच आहे, आणि कलम २०३ नुसार त्या चाचणीचा निकाल पुराव्यात घेता येतो. १९७१ मध्ये सुप्रीम कोर्टाने महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात, तोंडाला वास, अडखळती चाल, तुटक बोलणं एवढ्यावरून नशा सिद्ध होत नाही असं म्हटलं होतं, त्याचा दाखला सगळेच देतात. पण तिथे चाचणीचा निकालच कोर्टापुढे नव्हता. तुमच्याकडे आकडा आहे.

म्हणून लढायचं असेल तर त्या आकड्यावर. तुम्ही पाठवलेल्या स्लिपच्या फोटोत वेळ २३:५२ दिसते आणि चलनावर घटनेची वेळ ११.२० लिहिलीय. स्लिपवर नावाची ओळ रिकामी आहे, खाली तुमची सही आहे. यंत्राचा क्रमांक अर्धवट छापलाय. बत्तीस मिनिटांचा फरक घड्याळ चुकल्याने पडला, की ती स्लिपच दुसऱ्या कोणाची, हे उलटतपासणीत विचारता येतं. त्या क्रमांकाच्या यंत्राचं कॅलिब्रेशन शेवटचं कधी झालं, ते मान्यताप्राप्त प्रकारचं आहे का, नळी नवी लावली का, शेवटचा घोट आणि फुंकर यांत किती वेळ गेला, हेही विचारता येतं. तोंडात ताजी दारू असेल तर यंत्र रक्तापेक्षा जास्त दाखवू शकतं. ३० आणि ४१ मध्ये अंतर फार नाही, त्यामुळे हा मुद्दा पोकळ नाही. पण स्लिपवर सही तुमचीच, आणि दोन पेग घेतल्याचं तुम्ही मला स्वतः लिहिलंय. न वाचता सही केलेला दुसरा कागद कोणता, हे तुम्हाला सांगता येत नाही. केसच्या कागदांच्या नकलेसाठी, म्हणजे प्रतीसाठी, कोर्टात अर्ज करून तो आधी बघा. तो कबुलीसारखा असेल तर बोलणं वेगळं होईल.

लढण्याची दुसरी किंमत वेळ. साक्षीला येणारे पोलीस बंदोबस्तावर असतात, तारीख पुढे जाते, कोर्टापुढे अशा फायलींचे गठ्ठे असतात. सहा महिन्यांच्या अपात्रतेतून सुटायला माणूस दोन वर्षं खेटे घालतो, हे मी अनेकदा पाहिलंय, आणि याची चीड येते. पगार तारखेवर अवलंबून असलेल्या माणसाला निर्दोष ठरण्याचा हक्क परवडू नये, ही व्यवस्थेची लाज आहे. तरीही तुमच्या बाबतीत कागद बघण्याआधी कबुली देऊ नका, एवढं ठाम सांगतो.

आता ज्याने मी खरोखर अस्वस्थ झालो ते. तुम्ही लिहिता, 'पावतीवर बस चालवतोय, अजून कोणी अडवलं नाही.' ताबडतोब थांबवा. कलम २०६ मध्ये २०१९ साली जोडलेल्या पोटकलम ४ नुसार दारूच्या केसमध्ये पोलिसांनी लायसन्स ताब्यात घेऊन आरटीओकडे पाठवायचं असतं, आणि त्याबदल्यात दिलेली पावती लायसन्स परत मिळेपर्यंत गाडी चालवण्याची परवानगी देत नाही, असं तिथे शब्दांत लिहिलंय. जुन्या काळी इतर गुन्ह्यांत पावतीवर चालवता यायचं, त्यावरून हा गैरसमज आहे. उद्या बसला अपघात झाला तर विमा कंपनी पहिलं बोट यावरच ठेवेल, भरपाईचा बोजा बसमालकावर आणि तुमच्यावर येऊ शकतो, आणि बसमध्ये माणसं आहेत. मालकाला खरं सांगा. नोकरी जाईल ही भीती मला कळते, तरी सांगा. डेपोत, ऑफिसात दुसरं काम तोवर मागता येतं.

आरटीओची कारवाई कोर्टापेक्षा वेगळी चालते. कलम १९ खाली लायसन्स निलंबित करण्याआधी तुम्हाला म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते आणि आदेशात कारणं द्यावी लागतात. तो आदेश पटला नाही तर तीस दिवसांत अपील असतं. इतके महिने नोटीसच नाही, असं तुम्ही म्हणता. मग गप्प बसू नका. लायसन्स नेमकं कुठे आहे, वाहतूक शाखेत की आरटीओत, ते विचारा, सुनावणी घेऊन निर्णय द्या असा अर्ज करा, आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. कित्येकदा ते लायसन्स वाहतूक शाखेच्या ड्रॉवरमधून पुढे गेलेलंच नसतं. कोर्टात 'इतका काळ लायसन्स नव्हतं' म्हणायला तो शिक्काच कामाला येईल.

चुकलेल्या तारखेबद्दल: जामीनपात्र वॉरंट निघालं असेल किंवा नसेल, ते ई-कोर्टच्या साइटवर किंवा कोर्टात चौकशी करून कळेल. पोलीस घरी येईपर्यंत थांबू नका. वकिलासोबत स्वतः हजर व्हा, वॉरंट रद्द करण्याचा अर्ज द्या. गुन्हा जामीनपात्र आहे, स्वतःहून आलेल्या माणसाकडे कोर्ट सहसा समजुतीने बघतं. 'सुट्टी मिळाली नाही' हे कारण मात्र एकदाच चालतं. आणि लोकअदालतीत इतर चलनं निम्म्यात मिटतात म्हणून हीही मिटेल अशी आशा धरू नका. कलम १८५ तडजोडीच्या यादीत नाही.

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात, कारण नाकाबंदीत काय मागावं हे सगळेच विचारतात. फुंकायला नकार देऊ नका. संशयाला वाजवी कारण असेल तर नकारावर कलम २०३ खाली अटक होऊ शकते, आणि कलम २०५ नुसार तो नकार तुमच्याविरुद्ध वापरला जाऊ शकतो. पण चाचणी मागणारा पोलीस गणवेशात हवा. नवी नळी मागा, आकडा स्वतः बघा, स्लिप वाचून मगच सही करा, वेळ चुकीची असेल तर सहीशेजारी तसं लिहा. अटक झाली तर ठाण्यात पुन्हा श्वासचाचणी देण्याची संधी कलम २०३ देतं. आकडा काठावर असेल तर ती आवर्जून मागा. अटक झालेल्या महिलेचं रक्त पुरुष डॉक्टर घेत असतील तर दुसरी महिला हजर असावी लागते. सोबत न प्यायलेला, लायसन्सवाला माणूस असेल तर गाडी त्याच्या ताब्यात द्या अशी विनंती करा. तेलंगणा हायकोर्टाने २०२१ मध्ये तसं म्हटलं आहे. आपल्याकडे तो निकाल बंधनकारक नाही, पण दाखवायला उपयोगी आहे. आणि अपघात झालेल्यांनी लक्षात घ्यावं की चाचणी झालीच नाही म्हणून विम्याचा दावा सुरक्षित राहत नाही. सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये इतर पुराव्यावरूनही विमा कंपनी दारू सिद्ध करू शकते असं सांगितलंय.

तुमच्याकडे परत येतो. या आठवड्यात बस सोडा, नकलेचा अर्ज द्या, आरटीओचा शिक्का घ्या. नकला हातात आल्या की वकिलाला आधी तो दुसरा सही केलेला कागद दाखवा, स्लिप नंतर. कबुलीचं ठरलंच, तर मोटारसायकलच्या वर्गापुरत्या अपात्रतेचा अर्ज टाइप करून सोबत घेऊन मगच कोर्टात उभे राहा.