सहावीचं नागरिकशास्त्र : ग्रामसभेचा पाठ कसा घ्यावा

ताई, तुम्ही विचारलंय की सहावीत 'ग्रामीण स्थानिक शासन संस्था' सुरू झालं की मुलं जांभया देतात. तक्ते, व्हिडिओ, प्रश्नोत्तरं सगळं करून झालं, तर आता काय करावं?

माझं स्पष्ट मत सांगते. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद या उतरंडीने पाठाला सुरुवातच करू नका. पैसा थोडा, गरजा जास्त, मग आधी काय करायचं आणि ते ठरवायचं कोणी, हा पाठाचा गाभा आहे. तो मुलांना भिडला की सदस्य ७ ते १७ का, ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी) कोण, हे ती आपणहून विचारतात.

पहिल्या तासिकेला घरपट्टीची एक जुनी पावती न्या, नाव झाकून. मुलांना घरून आणायला सांगू नका. कुणाच्या घरची थकबाकी वर्गात उघडी पडायला नको. पावतीवर घरपट्टी, दिवाबत्ती, आरोग्य, पाणीपट्टी असे वेगवेगळे रकाने असतात. प्रत्येक रकान्यापुढे गावातली एक वस्तू लिहायला सांगा. दिवाबत्तीपुढे देवळाजवळचा खांब येतो, पाणीपट्टीपुढे टाकी. मग विचारा, आपली शाळा यात कुठे आहे? एसटी कुठे आहे? नाहीत, म्हणजे त्यांची जबाबदारी दुसऱ्या कुणाची तरी आहे. जिल्हा परिषद आणि राज्य सरकार शिकवायला याहून चांगली जागा मला माहीत नाही.

नंतरच्या दोन तासिका सलग मागून घ्या आणि वर्गातच ग्रामसभा भरवा. अभिरूप संसदेपेक्षा मला ही जास्त मोलाची वाटते, कारण संसदेत मुलं लिहून दिलेली भाषणं म्हणतात, इथे त्यांना ठरवावं लागतं. पंचायतीकडे ५ लाख रुपये आहेत असं धरा आणि मागण्या ११ लाखांच्या ठेवा : गटार, व्यायामशाळा, वस्तीवरचा नळ, अंगणवाडीचं छप्पर, चौकातले दिवे. प्रत्येकाला चिठ्ठी द्या, त्यावर फक्त माणूस लिहा : वस्तीवर राहणारी आजी, भरतीची तयारी करणारा तरुण, दोन लहान मुलांची आई. काय मागायचं ते मुलांनी ठरवायचं.

आपल्याकडे ग्रामसभेच्या आधी महिलांची स्वतंत्र सभा घ्यावी लागते. वर्गातही आधी फक्त मुलींची सभा घ्या आणि त्यांचा ठराव मुख्य सभेत वाचायला लावा. एरवी मागच्या बाकावर गप्प बसणाऱ्या मुली तेव्हा बोलतात. पंचायतीत महिलांना ५० टक्के जागा राखीव का, हे त्यानंतर वेगळं समजवावं लागत नाही.

गणपूर्तीवर, म्हणजे सभेला लागणाऱ्या किमान हजेरीवर, जरूर थांबा. एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी माणसं हवीत. ४०० मतदारांच्या गावात ६०, २,००० मतदारांच्या गावात १००. फळ्यावर गणित करून घ्या. मग सांगा की गणपूर्तीअभावी तहकूब झालेली सभा पुन्हा भरते तेव्हा ही अट राहत नाही. एखादं मूल नक्की विचारेल, "मग अट कशाला ठेवली?" त्याला लगेच उत्तर देऊ नका, वर्गाला भांडू द्या. नागरिकशास्त्र इथेच घडतं.

वेळ उरला तर तोच निर्णय हात वर न करता, सगळ्यांचं एकमत होईपर्यंत बोलून घ्यायला लावा. गडचिरोलीतलं मेंढा (लेखा) गाव असंच सर्वसहमतीने चालतं. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही तिथली घोषणा, आणि वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये या गावाला जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. मुलांना हे फार आवडतं. एकमताला किती वेळ लागतो, आणि मतदानात हरलेल्यांचं काय होतं, दोन्ही त्यांना कळतं.

मूल्यमापनासाठी 'सरपंचाची कार्ये लिहा' नको. गल्लीतला एक बंद दिवा किंवा तुंबलेलं गटार निवडून मुलांनी पंचायतीला अर्ज लिहावा : कोणाला, विषय काय, जागा नेमकी कुठली, काय करावं. त्यातला एक अर्ज मुख्याध्यापकांच्या परवानगीने खरोखर द्यायला न्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का मारून पोच घ्या. पोच कशी मागायची, हे प्रत्येक मुलाला आलंच पाहिजे.